शस्त्रक्रियेपूर्वीची झोपेची गोळी आणि प्रोपोफॉल या भुलेच्या औषधाची मात्रा: किती कमी करावी?

प्रश्न (निवासी डॉक्टर, भूलशास्त्र, दुसरे वर्ष, नागपूर)

गेल्या आठवड्यात 68 वर्षांच्या, 46 किलो वजनाच्या एक आजी पित्ताशयाच्या दुर्बिणीच्या शस्त्रक्रियेसाठी टेबलावर होत्या. त्यांना आदल्या रात्री आणि सकाळी अल्प्राझोलामची (भीती कमी करून झोप आणणारी) गोळी दिलेली होती. मी शिरेतून मिडाझोलाम (गुंगीचे औषध) 1 मिलिग्रॅम व फेंटानिल (तीव्र वेदनाशामक) 75 मायक्रोग्रॅम दिले आणि लागलीच किलोमागे 2 मिलिग्रॅमच्या हिशेबाने प्रोपोफॉल 90 मिलिग्रॅम दिले. निम्मी सिरिंज जाते न जाते तोच आजींचे बोलणे थांबले होते, तरी हिशेब पुरा करायचा म्हणून मी उरलेले औषधही दिले. वरचा रक्तदाब 70 वर आला. मेफेंटर्मिन (रक्तदाब वाढवणारे औषध) आणि सलाइनने तो सावरला, पण ती पाच मिनिटे मनातून जात नाहीत. आधी गुंगीचे औषध दिलेले असेल, तर भुलेची मात्रा नेमकी किती कमी करावी?

उत्तर 1 (भूलतज्ज्ञ, नागपूर)

ठरावीक टक्केवारी शोधू नका. ती रुग्णागणिक बदलते. मिडाझोलाम आणि प्रोपोफॉल ही दोन्ही औषधे मेंदूतील गाबा-ए ग्राहकावरच (मेंदूच्या पेशींचे काम मंदावणाऱ्या रेणूवर), पण वेगवेगळ्या जागी काम करतात, म्हणून त्यांचा एकत्र परिणाम निव्वळ बेरजेपेक्षा जास्त होतो. निरोगी तरुणाला किलोमागे 2 ते 2.5 मिलिग्रॅम प्रोपोफॉल लागते, तर वृद्धांना 1 ते 1.5 पुरते, आणि आधी गुंगी व फेंटानिल दिलेले असेल, तर मी 1 च्याही खालून सुरुवात करतो.

तुमची खरी अडचण मात्र वेळेची होती. शिरेतून दिलेल्या मिडाझोलामचा आणि फेंटानिलचा पूर्ण परिणाम दिसायला तीन ते पाच मिनिटे लागतात. तुम्ही लागलीच प्रोपोफॉल दिल्यामुळे तिन्ही औषधांचा जोर एकाच वेळी चढला. वृद्धांमध्ये दंडातले औषध मेंदूपर्यंत पोहोचायलाही उशीर लागतो. ‘अजून झोप लागली नाही’ असे वाटून दिलेली पुढची मात्रा तिथेच महागात पडते. दर वेळी 20 मिलिग्रॅम द्यावे, थांबावे, नावाने हाक मारावी, पापणीच्या केसांना हलकेच स्पर्श करून पाहावा, आणि प्रतिसाद थांबला की सिरिंज खाली ठेवावी, मग तिच्यात कितीही औषध उरलेले असो.

आणखी एक गोष्ट इथल्या उन्हाळ्याची. मे महिन्यात, पारा 45 च्या घरात असताना, खेड्यातून आलेली म्हातारी माणसे रात्रीपासून पाण्याचा थेंबही न घेता येतात. अशा कोरड्या शरीरात प्रोपोफॉलने रक्तवाहिन्या सैलावल्या की रक्तदाब धाडकन उतरतो. पोट रिकामे होण्यात अडचण नसलेल्या रुग्णाला नियोजित शस्त्रक्रियेआधी दोन तासांपर्यंत साधे पाणी चालते, हे वॉर्डात आवर्जून सांगा.

उत्तर 2 (भूलतज्ज्ञ, विदर्भ)

वरील मताशी मी सहमत आहे, पण माझा मूळ प्रश्न असा, की त्या आजींना गोळी कशासाठी दिली? फ्रान्समधील 2015 साली प्रसिद्ध झालेल्या चाचणीत शस्त्रक्रियेपूर्वी लोराझेपाम (अल्प्राझोलामच्याच गटातले औषध) दिल्याने रुग्णांचे समाधान वाढले नाही, उलट श्वासनलिकेत घातलेली नळी काढायला वेळ जास्त लागला. रात्री वॉर्डात जाऊन पाच मिनिटे शेजारी बसून बोलल्याने बहुतेकांची भीती निवते, असा माझा अनुभव आहे. याउलट, रोज दारू किंवा झोपेच्या गोळ्या घेणाऱ्याला नेहमीची मात्रा अपुरी पडू शकते, म्हणून तो इतिहास विचारल्याशिवाय सिरिंज भरू नये.

प्रश्नकर्ता

मनःपूर्वक आभार. उद्याच्या यादीत खर्रा (तंबाखू-सुपारीचे मिश्रण) खाणारा एक रुग्ण आहे, त्यामुळे त्याचे तोंड जेमतेम दोन बोटे उघडते. त्याला अल्प्राझोलाम द्यावे का?

उत्तर 1 (भूलतज्ज्ञ, नागपूर)

देऊ नका. अशा रुग्णाला जागे ठेवूनच दुर्बिणीने श्वासनलिकेत नळी टाकण्याची तयारी असावी, आणि त्यासाठी त्याचा श्वास व सहकार्य दोन्ही शाबूत हवेत. त्याला आज संध्याकाळीच भेटा आणि उद्या नेमके काय होणार आहे, ते शांतपणे समजावून सांगा.