बॅकअप पॉइंट गार्ड: चेंडू सांभाळणारा घ्यावा की बचाव पेलणारा?
(बास्केटबॉलप्रेमींची चर्चा; प्रत्येक मजकुराच्या वर लिहिणाऱ्याचं टोपणनाव आहे.)

चोवीस सेकंद
एनबीएमधल्या (अमेरिकेतली व्यावसायिक बास्केटबॉल लीग) विजेतेपदाच्या एखाद्या दावेदार संघाची परिस्थिती समोर ठेवू. स्टार पॉइंट गार्ड (चेंडू पुढे आणून आक्रमण चालवणारा खेळाडू) पहिल्या पाचात आहे, पगाराची मर्यादा केव्हाच ओलांडली आहे, १५ जणांच्या रोस्टरवर (संघाच्या यादीवर) एकच जागा उरली आहे आणि ती त्याच्या बॅकअपसाठी आहे. पर्याय तीन. (अ) ६ फूट १ इंचाचा अनुभवी गडी, चेंडू गमावत नाही, पण अंगाने लहान. (ब) ६ फूट ५ इंचाचा तरुण, बचाव उत्तम, शूटिंग बेभरवशाचं. (क) मुळात पॉइंट गार्ड नसलेला, पण चेंडू पुढे आणू शकणारा विंग (मैदानाच्या बाजूंना खेळणारा गडी).

माझं मत (अ) ला, आणि त्यामागे साधा हिशोब आहे. स्टार ३५ मिनिटं खेळला तर ४८ पैकी १३ उरतात. तो बहुधा पहिल्या क्वार्टरच्या शेवटच्या तीन मिनिटांत बसतो आणि दुसऱ्यातली तीन-चार मिनिटं सरल्यावर परत येतो. तिसऱ्या-चौथ्या क्वार्टरच्या सांध्यावर पुन्हा तेच. म्हणजे बॅकअपच्या वाट्याला साडेसहा मिनिटांचे दोन तुकडे. मिनिटाला प्रत्येक संघाला साधारण दोन पझेशन (आक्रमणाच्या पाळ्या) धरली तर एका तुकड्यात तेरा. त्यातली तीन टर्नओव्हरमध्ये (शॉट न घेताच चेंडू गमावून) घालवली की उरलेल्या दहात कितीही छान खेळा, आघाडी गेलेली असते. बॅकअपने आघाडी वाढवावी असं कुणी म्हणत नाही, जेवढी हातात दिली तेवढी परत केली तरी पुरे.

टर्नओव्हरचे आकडे बघताना मात्र एक भेद करा. पास बाहेर गेला तर खेळ थांबतो, बचाव मागे जाऊन उभा राहतो. ड्रिबल करताना चेंडू हिसकावला गेला तर समोरच्याला मोकळा लेअप (बास्केटजवळचा सोपा शॉट) मिळतो. बॅकअपच्या बाबतीत दुसरा प्रकार जास्त महाग पडतो, कारण बेंचवरच्या फळीत मागे धावून वाचवणारे कमी असतात.

मेम्फिसचा २०२१-२२ चा हंगाम आठवा. त्यांचा स्टार पॉइंट गार्ड जा मोरांट नसलेल्या २५ सामन्यांपैकी मेम्फिसने २० जिंकले. पॉइंट गार्डला होता टायस जोन्स, असिस्ट (बास्केट करवून देणारा पास) आणि टर्नओव्हरच्या गुणोत्तरात वर्षानुवर्षं लीगच्या वरच्या टोकाला असणारा.

पोस्टअप
शंभर टक्के असहमत. तुमचा सगळा हिशोब नोव्हेंबर ते मार्चचा आहे. दावेदार संघ म्हणताय ना? मग एप्रिलनंतरचं बोला.

प्लेऑफ्समध्ये (नियमित हंगामानंतरच्या बाद फेऱ्यांत) स्टार ४० मिनिटं खेळतो, बॅकअपला उरतात आठ, तीही चार-चारच्या दोन तुकड्यांत. आणि त्या आठ मिनिटांत समोरचा स्टार बसलेला असेलच असं नाही. उलट तुमचा लहान गार्ड मैदानात येताना दिसला की समोरचा कोच आपल्या स्टारची विश्रांती पुढे-मागे करतो.

मग काय होतं ते बघा. तुमचा ६ फूट १ इंचवाला ज्याला गार्ड करतोय त्यालाच ते स्क्रीन लावायला (बचावपटूच्या वाटेत उभं राहून त्याला अडवायला) पाठवतात. स्विच केलं (बचावपटूंनी आपापली माणसं अदलाबदल केली) तर ६ फूट ८ इंचाच्या स्कोअररसमोर तुमचा लहान गडी उरतो. स्विच टाळायला क्षणभर पुढे येऊन अडवून परत फिरायचं म्हटलं, तर स्क्रीन लावणारा आधीच निसटतो, फ्री थ्रो लाइनजवळ चेंडू घेतो आणि पुढे चारास तीन अशी स्थिती होते. त्याला रोखायला कोपऱ्यातला बचावपटू आत आला की कोपऱ्यातला थ्री (तीन गुणांचा शॉट) मोकळा. चूक एकाही खेळाडूची नाही, सगळ्यांनी ठरल्याप्रमाणे केलं, तरी तीन गुण गेले. चार मिनिटांत असं तीनदा झालं की टाइमआउट घ्यावाच लागतो.

उलट शॉन लिव्हिंग्स्टन बघा. ६ फूट ७ इंच, थ्री जवळजवळ मारतच नसे. पण वॉरियर्सच्या २०१५, २०१७ आणि २०१८ च्या तिन्ही विजेतेपदांत स्टीफन करीच्या मागे तोच होता. कुणावरही स्विच चालायचं, आणि आक्रमणात लहान गार्डला पाठीवर घेऊन दहा-बारा फुटांवरून वरून शॉट. २०१६ च्या फायनलच्या पहिल्या सामन्यात करी आणि क्ले थॉम्पसन दोघेही थंड होते, तेव्हा बेंचवरून येऊन २० गुण.

आणि टायस जोन्सचं नाव घेतलंच आहे तर २०२४-२५ चं फिनिक्सही घ्या. तोच जोन्स, तसाच काटकसरी खेळ, बाजूला केव्हिन ड्युरँट आणि डेव्हिन बुकर. संघ ३६-४६, प्ले-इनसुद्धा (प्लेऑफ्सच्या शेवटच्या जागांसाठीची पात्रता फेरी) नाही. टर्नओव्हर न करणं हा गुण आहे, पण तो एकटा बचाव उभा करत नाही.

चोवीस सेकंद
फिनिक्सच्या पडझडीचं खापर जोन्सवर फोडणं जरा जास्तच झालं. पण तुमचा मुद्दा राहू दे, कारण उत्तर जून २०२५ मध्येच मिळालंय. इंडियाना विरुद्ध ओक्लाहोमा सिटी, फायनलचा तिसरा सामना. टी. जे. मॅकॉनेल, ६ फूट १ इंच, बेंचवरून १० गुण, ५ असिस्ट, ५ स्टील (हिसकावलेले चेंडू). बास्केट झाल्यावर समोरचे आळसाने चेंडू आत टाकतात, तेव्हा हा पाठ फिरवून मागे धावत नाही. बेसलाइनजवळच रेंगाळतो आणि पास मधल्यामध्ये उचलतो. लहान म्हणून हेरला जाणारा गडी ओक्लाहोमासारख्या बचावालाच हेरत होता. इंडियानाने तो सामना ११६-१०७ असा घेतला.

सहावा गडी
दोघेही चुकीच्या प्रश्नावर भांडताय. बॅकअप पॉइंट गार्ड नावाची वेगळी जागा दावेदार संघाला लागतेच कशाला?

डेन्व्हर, २०२३. रोस्टरवर इश स्मिथ होता, बायआउटनंतर (आधीच्या संघाशी करार तडजोडीने संपवून) आलेला रेजी जॅक्सन होता. दोघेही अस्सल पॉइंट गार्ड, आणि प्लेऑफ्समध्ये दोघेही जवळजवळ बेंचवरच. पहिल्या पाचातला गार्ड जमाल मरे बसला की चेंडू ब्रूस ब्राउन आणायचा, ६ फूट ४ इंचाचा विंग. संघ विजेता झाला.

यात जादू काही नाही. दोन मुख्य खेळाडूंना एकाच वेळी बसवायचं नाही, एवढंच. एक जण पहिल्या क्वार्टरच्या सातव्या मिनिटाला बाहेर काढा आणि दुसऱ्याच्या सुरुवातीला परत आणा, दुसरा तेव्हा बसेल. म्हणजे मैदानावर कायम कुणीतरी निर्माता असतो आणि चौथ्या-पाचव्या गड्याने फक्त चेंडू अर्ध्यापलीकडे न्यायचा, पास द्यायचा आणि कोपऱ्यात जाऊन उभं राहायचं. त्यासाठी मी (क) घेईन. बचावात चार जागा खेळतो, हेरला जात नाही, शेवटच्या मिनिटांत स्टारबरोबरही चालतो. (अ) आणि (ब) स्टारच्या जोडीला क्वचितच खेळू शकतात.

चोवीस सेकंद
"फक्त चेंडू अर्ध्यापलीकडे न्यायचा" हे वाचून हसू आलं. ते "फक्त" फुल कोर्ट दबावापुढे टिकत नाही. आठ सेकंदांत अर्धी रेषा ओलांडणं बहुतेकांना जमतं. पण प्रश्न आठ सेकंदांचा नाहीच. शॉट क्लॉकवर (शॉट घ्यायच्या २४ सेकंदांच्या उलट्या घड्याळावर) १७-१८ असताना पहिली स्क्रीन लागली, तर ती फसल्यावर चेंडू दुसऱ्या बाजूला फिरवून दुसरी लावायला वेळ असतो. विंग पाठ करून, इकडून तिकडे वळत चेंडू आणतो तेव्हा पहिली स्क्रीन १२ वर लागते. फसली की आठ सेकंद उरतात आणि कुणीतरी हातावर बचावपटू असताना शॉट मारतो. टर्नओव्हरच्या रकान्यात यातलं काहीच दिसत नाही. आक्रमण मात्र मेलेलं असतं.

शिवाय ब्राउनचं पुढे काय झालं? त्याच उन्हाळ्यात इंडियानाकडे दोन वर्षांचे ४.५ कोटी डॉलर. डेन्व्हरला नियमाने वर्षाला ८० लाखांच्या आतच देता येत होतं. चार जागा खेळणारा विंग स्वस्तात मिळतो तो एकाच हंगामापुरता.

बेसलाइन
उंची, टर्नओव्हर, नावं सगळं झालं. बरोबरचे चौघे कोण, हे तिघांपैकी एकानेही विचारलेलं नाही.

बेंचवरचा सेंटर रिमकडे (बास्केटच्या कड्याकडे) झेपावून लॉब (उंच उडवलेला पास) घेणारा असेल तर गार्डकडे फ्लोटर (सेंटरच्या हातांवरून हलकेच उंच टाकलेला शॉट) हवा. समोरचा सेंटर ड्रॉपमध्ये, म्हणजे मागे सरकून थांबलेला असतो. आठ-दहा फुटांवरचा शॉट तुम्ही मारणारच नाही हे त्याला कळलं की तो लॉबच्या वाटेतून हलत नाही. सेंटर बाहेर येऊन थ्री मारणारा असेल तर फ्लोटरपेक्षा ड्रिबलवरून थांबून मारलेला थ्री महत्त्वाचा. तो नसेल तर बचावपटू स्क्रीनच्या खालून जातो, दोघांनी एकावर यायची वेळच येत नाही आणि तुमचा सेंटर बाहेर मोकळा कधी सुटत नाही.

म्हणून (ब) बद्दल माझी खरी अडचण "शूटिंग बेभरवशाचं" या दोन शब्दांतच आहे. स्थिर उभं राहून मारलेला थ्री कच्चा असेल तर स्टारच्या शेजारी उभं करता येत नाही. ड्रिबलवरचा कच्चा असेल तर स्टारच्या जागी चालत नाही. फिल्म बघताना या दोन गोष्टी वेगळ्या मोजा. बचावपटू स्क्रीनच्या खालून किती वेळा गेला आणि त्यानंतर गड्याने काय केलं, तेवढं लिहून काढा. पुन्हा स्क्रीन मागून ती चार फूट खाली लावून घेतली असेल तर डोकं चालतं, असा गडी शिकतो. चेंडू देऊन मोकळा झाला असेल तर सोडा.

असिस्ट-टर्नओव्हर गुणोत्तरावरही आंधळा विश्वास नको. थ्री-पॉइंट लाइनच्या बाहेरून बाहेरच सुरक्षित पास फिरवणाऱ्याचं गुणोत्तर सुंदरच दिसतं. त्याचे किती पास रिमजवळच्या शॉटला गेले, तो स्वतः पेंटमध्ये (बास्केटसमोरच्या रंगवलेल्या चौकटीत) किती वेळा शिरला, हे बघितल्याशिवाय त्या आकड्याला अर्थ नाही.

आणि दुखापत! स्टार १५ सामने मुकला असं धरा. उरलेले ६७ गुणिले १३ मिनिटं म्हणजे ८७१. ते १५ गुणिले ३२ म्हणजे ४८०. एकूण साडेतेराशे. बॅकअपच्या तिसऱ्या हिश्शाहून जास्त मिनिटं स्टार्टर म्हणून जातात, समोरच्या पहिल्या फळीविरुद्ध. (क) घेणाऱ्यांनी ही ४८० मिनिटं कोण चालवणार ते सांगावं. दोन निर्मात्यांपैकी एकच उरला की आलटून-पालटून बसवण्याची योजनाच राहत नाही.

पोस्टअप
४८० मिनिटांचा मुद्दा मान्य, तिथे (अ) सरस. पण मॅकॉनेलला उदाहरण म्हणून गळ्यात मारू नका. तो एंड लाइनखालून ड्रिबल जिवंत ठेवत पलीकडे निघतो, सहा-आठ फुटांवर थांबून शॉट मारतो, आणि पूर्ण मैदानभर चिकटून राहायची त्याची चिकाटी इंडियानाच्या वेगात आणि खोल बेंचमध्ये बसते. हे तिन्ही गुण किमान पगारात मिळणाऱ्या किती गार्डांत आहेत? २०११ च्या फायनलमधल्या डॅलसचंही तसंच. चौथ्या सामन्यापासून कोच रिक कार्लाइलने जे. जे. बरेआला स्टार्टर केलं आणि १-२ वरून मालिका ४-२ ने जिंकली, बरोबर. पण बरेआच्या मागे रिम राखणारा सेंटर टायसन चँडलर होता, आणि डॅलस मधूनमधून झोन (माणसाऐवजी जागा सांभाळणारा बचाव) टाकत होतं. लहान गार्ड लपवायची सोय आधी होती. आपल्या काल्पनिक संघात रिमपाशी तसा कुणी आहे का, हे चोवीस सेकंद यांनी सांगितलेलंच नाही.

चोवीस सेकंद
पहिल्या पाचात आहे. बेंचवर नाही. म्हणून (अ) मैदानात असताना पहिल्या पाचातला सेंटरही ठेवायचा, निदान प्लेऑफ्समध्ये. चार मिनिटांच्या तुकड्याला ते जमतं. दुसरी गोष्ट, स्क्रीन लागण्याआधीच बचावातल्या जागा बदला. समोरचे लहान गार्डच्या माणसाला स्क्रीनला बोलावताना दिसले की शेजारच्या विंगने "माझा" म्हणून तो माणूस घ्यायचा आणि लहान गार्डने कोपऱ्यात जायचं. हे बोलून करावं लागतं, अर्धा सेकंद उशीर झाला की दोघे एकाकडेच जातात. अनुभवी गडी हवा तो यासाठीही.

पोस्टअप
समोर कोपऱ्यातही नेमबाज असेल तर तिथला थ्री लहान गार्डच्या डोक्यावरूनच जाणार. असो, तुमचा (अ) पहिल्या दोन फेऱ्यांचा. त्यापुढच्या प्रतिस्पर्ध्यांकडे लपवायला कोपरा नसतो.

कॅप-कारकून
पगाराची बाजू कुणी घेतली नाही म्हणून लिहितो. तीन किंवा जास्त हंगाम खेळलेल्या गड्याला एका वर्षाच्या किमान करारावर घेतलं तर संघाच्या खात्यावर दोन हंगाम खेळलेल्याचाच किमान पगार चढतो, वरचा फरक लीग भरते. लक्झरी टॅक्सवाल्या (पगाराची ठरावीक रेषा ओलांडल्याबद्दल दंड भरणाऱ्या) संघाला (अ) म्हणूनच परवडतो.

(ब) साठी १५ वी जागा वापरायचीच कशाला? टू-वे कराराच्या (मुख्य संघ आणि त्याचा खालच्या लीगमधला संघ अशा दोन्हीकडे खेळवायच्या) तीन जागा वेगळ्या असतात. त्यावरचा खेळाडू ५० सामन्यांपर्यंत उपलब्ध ठेवता येतो, पण प्लेऑफ्स खेळू शकत नाही. त्यासाठी नियमित हंगाम संपायच्या आत साधा करार करावा लागतो, आणि तेव्हा रोस्टरवर जागा हवी.

सहावा गडी
मग आत्ता (ब) टू-वेवर घ्या, १५ वी जागा रिकामी ठेवा आणि फेब्रुवारीत बायआउट होणाऱ्यांतून हवा तो उचला. घाई काय?

कॅप-कारकून
हवा तो उचलता येणार नाही. पहिल्या एप्रनच्या (पगाराच्या मर्यादेच्या बरीच वर आखलेल्या रेषेच्या) वर असलेल्या संघाला हंगामात सोडून दिलेल्या अशा खेळाडूला घेता येत नाही, ज्याचा आधीचा पगार पूर्ण मिड-लेव्हल एक्सेप्शनपेक्षा (मर्यादा ओलांडूनही खेळाडू घेण्यासाठीच्या सवलतीच्या रकमेपेक्षा) जास्त होता. मोठी नावं तिथेच बाद. उरलेल्यांपैकी जो १ मार्चनंतर मोकळा झाला तो नव्या संघाकडून प्लेऑफ्स खेळू शकत नाही. ५ जानेवारीपासून दहा दिवसांचे करार सुरू होतात, एका संघाला एका खेळाडूशी एका हंगामात असे दोनच. म्हणजे वीस दिवसांत ठरवावं लागतं की याला हंगामभर ठेवायचा की सोडायचा. बेसलाइन म्हणतात ती स्क्रीनची मोजणी करायला तेवढे सामने पुरत असतील तर जागा रिकामी ठेवा.

बेसलाइन
वीस दिवसांत दहाएक सामने, प्रत्येकी १३ मिनिटं. खालून गेलेल्या स्क्रीन मोजायला ठीक. पण १८ वर पहिली स्क्रीन लागते की १२ वर, ते नव्या संघाच्या खुणा पाठ होईपर्यंत कळत नाही, आणि खुणा पाठ व्हायला सराव लागतो. जानेवारीनंतर सराव होतातच किती?