मदत हवी आहे: व्हीएम.स्वॅपिनेस 10 केलं, तरी लाईट जाऊन आली की पुन्हा 60

नमस्कार मंडळी,

डिचोली तालुक्यातल्या आमच्या गावच्या वाचनालयात तीन जुने संगणक आहेत. डेबियन 12 (लिनक्सचा एक प्रकार), रॅम प्रत्येकी 2 जीबी, डिस्क जुन्या फिरत्या. ब्राउझर आणि लिब्रेऑफिस एकत्र उघडलं की डिस्कचा दिवा पेटतो तो विझतच नाही, माऊस जागच्या जागी थिजतो. परवा सहावीतल्या एका मुलीने पाऊण पान निबंध टाइप केला आणि मशीन असं अडकलं की शेवटी बटण दाबून बंद करावं लागलं. निबंध गेला. तिचा चेहरा मला बघवला नाही.

त्या रात्री शोधाशोध करून स्वॅपिनेस 60 चा 10 केला. रॅम कमी पडली की डिस्कवरची स्वॅप जागा किती वापरायची, ते हा आकडा ठरवतो. आज्ञा अशी (सुडो म्हणजे प्रशासकाच्या हक्काने):

सुडो सिस-सीटीएल -डब्ल्यू व्हीएम.स्वॅपिनेस=10

फरक लगेच जाणवला. पण हे पावसाचे दिवस. कुठेतरी माडाचं चुडत तारेवर पडतं, लाईट जाते, यूपीएस दहा मिनिटांत मान टाकतो आणि मशीन पुन्हा सुरू झालं की आकडा परत 60. -डब्ल्यूचा बदल चालू कर्नेलपुरताच, म्हणजे मशीन बंद होईपर्यंतच असतो हे कळल्यावर /ईटीसी/सिस-सीटीएल.डी/ या सेटिंगच्या फोल्डरमध्ये 10-वाचनालय.कॉन्फ फाइल केली. आत एकच ओळ: व्हीएम.स्वॅपिनेस = 10. रीबूट केलं. /प्रॉक/सिस/व्हीएम/स्वॅपिनेस उघडून पाहिलं तर 60!

फाइल वाचलीच जात नाही, की वाचल्यावर दुसरं कोणी तो आकडा बदलतंय? शोधायचं कसं? चवथीच्या आधी हे मार्गी लागलं तर फार बरं होईल.

प्रतिसाद 1 (म्हापसा)

ताई, फाइल वाचली जाते. तिच्यानंतर दुसरी वाचली जाते आणि त्या दुसरीचं चालतं. या फाइली नावाच्या क्रमाने लागतात, 10 आधी, 99 शेवटी. डेबियन 12 मध्ये 99-सिस-सीटीएल.कॉन्फ ही जुन्या /ईटीसी/सिस-सीटीएल.कॉन्फ कडे नेणारी लिंक असते. तुमच्या आधी कोणीतरी त्या जुन्या फाइलीत 60 लिहून ठेवलेला असणार. स्वॅपिनेस हा शब्द कुठे कुठे आहे ते असं शोधून बघा:

ग्रेप -आर स्वॅपिनेस /ईटीसी/सिस-सीटीएल.कॉन्फ /ईटीसी/सिस-सीटीएल.डी /यूएसआर/लिब/सिस-सीटीएल.डी

तुमच्या फाइलीचं नाव 99 ने सुरू करायचा मोह होईल, पण तसं करू नका. ‘सिस-सीटीएल --सिस्टम’ हाताने चालवलं की जुनी फाइल सगळ्यांच्या शेवटी वाचली जाते, म्हणजे घोळ तिथेच राहील. ती ओळच काढा. मग हीच आज्ञा पुन्हा द्या. कोणती फाइल कोणत्या क्रमाने लागते ते ती एकेका ओळीत छापते; ती यादी एकदा नजरेखालून घाला.

आणखी एक. 10 म्हणजे ‘रॅम 10 टक्के उरली की स्वॅप’ असं नव्हे. रॅम कमी पडली की प्रोग्रॅमची पानं (मेमरीतले तुकडे) स्वॅपमध्ये ढकलायची की फाइलींचा कॅशे (रॅममध्ये ठेवलेली प्रत) सोडायचा, त्या निवडीचं हे पारडं आहे.

मूळ प्रश्नकर्ती

सापडली! जुन्या फाइलीत अगदी तळाला 60 ची ओळ होती. पुढे # टाकला, दोन मशीन ठीक झाली. तिसऱ्यावर माझी फाइलच नाही. तिथे मी ‘सुडो एको ... > /ईटीसी/...’ असं केलं होतं, ‘परमिशन डिनाइड’ आलं असणार आणि घाईत माझ्या लक्षात आलं नाही.

प्रतिसाद 2 (साखळी)

> चं काम, म्हणजे फाइलीत लिहिणं, सुडो करत नाही, तुमचा शेल (आज्ञा वाचणारा प्रोग्रॅम) करतो, तोही साध्या युजरच्या हक्कात. असं द्या:

एको 'व्हीएम.स्वॅपिनेस = 10' | सुडो टी /ईटीसी/सिस-सीटीएल.डी/10-वाचनालय.कॉन्फ

तिन्ही मशीनवर ईटीसी-कीपरही टाका. /ईटीसी मधल्या बदलांची नोंद गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणारं साधन) राहते. 60 कधी लिहिला गेला, हे पुढच्या वेळी शोधत बसावं लागणार नाही.

मूळ प्रश्नकर्ती

देव बरे करो दोघांचं. आत्ता साडेचारला लाईट जाऊन आली. तिन्ही मशीनवर 10. ती मुलगी निबंध पुन्हा लिहायला बसलीय, दर परिच्छेदाला कंट्रोल-एस दाबतेय.