"पिठाची विरी जाते म्हणजे काय जातं?" सातवीतल्या मुलीच्या प्रश्नाचं पुढे काय करू?

माणदेशी_शिक्षक

मी माण तालुक्यातल्या एका जिल्हा परिषद शाळेत सहावी-सातवीला विज्ञान शिकवतो. वर्गात मागच्या भिंतीला बिस्किटांचा जुना पत्र्याचा डबा टांगलाय. मनात येईल तो प्रश्न चिठ्ठीवर लिहून त्यात टाकायचा. पहिले दोन महिने सगळ्या चिठ्ठ्या स्वाध्यायातल्याच निघाल्या: प्रकाशसंश्लेषण म्हणजे काय, आम्ल म्हणजे काय. सरांना आवडेल तोच प्रश्न विचारायचा, ही सवय आपणच लावलेली. मग मी माझीच एक चिठ्ठी टाकली: विहिरीचं पाणी थंडीत सकाळी कोमट का लागतं? आणि मुलांना घेऊन रोज सकाळी तापमापी सोडायला लागलो. मास्तरांनाही ठाऊक नसतं हे दिसलं, तेव्हा डबा खरा भरायला लागला.

त्यात ही चिठ्ठी आली: "आजी म्हणती पिठाची विरी गेली, आता भाकरी थापत न्हाई. विरी जाती म्हंजी पिठातनं काय जातंय? किती दिसांनी जातंय?"

मला उत्तर माहीत नव्हतं. मोबाईल काढून शोधायचा मोह झाला, पण म्हटलं, तिच्या हातातलं काम आपण का हिरावून घ्यायचं? चार मुलांचा गट झाला. शाळूचं दोन किलो दळण एकदम आणलं आणि दर चार दिवसांनी त्यातली एक भाकरी, असं ठरलं. तिसऱ्या भाकरीलाच सगळं फिसकटलं. आजीला ताप आला म्हणून त्या दिवशी आईने थापली. तवा बदलला. पाणी कधी उकळतं, कधी नुसतं कोमट. भाकरी मोडली खरी, पण पिठामुळे की हातामुळे, हे कुणालाच सांगता येईना. मुलगी हिरमुसली. "सर, आपलं चुकलं," म्हणाली.

दोन गोष्टी विचारायच्या आहेत. यातून मुलांना बाहेर कसं काढू, सगळं मीच सांगून न टाकता? आणि हे काम मांडायचं कुठे? गेल्या वर्षी सहावीतल्या एका मुलाने गुळाच्या खड्याकडे कोणत्या वेळी किती मुंग्या येतात, याचा आठ दिवसांचा तक्ता विज्ञान प्रदर्शनात नेला होता. परीक्षकांनी "मॉडेल कुठंय?" एवढंच विचारलं आणि ते पुढच्या टेबलावरच्या थर्माकोलच्या ज्वालामुखीकडे गेले. परतताना एसटीत तो ती गुंडाळी मांडीवर आडवी धरून बसला होता. त्यानंतर त्याची एकही चिठ्ठी डब्यात आलेली नाही.

बार्शीच्या_बाई

सर, आधी त्या मुलीला सांगा की तिचं चुकलं नाही. हात बदलला, तवा बदलला, पाणी बदललं, हे तिच्या लक्षात आलं ना? अर्धं काम तिथेच झालं. मी सेवेत असताना बालविज्ञान परिषदेसाठी मुलांचे गट तयार करायचे. ही परिषद १९९३ पासून देशभर चालते, १० ते १७ वर्षांच्या मुलांसाठी, आणि तिथे परिसरातलाच प्रश्न घ्यायचा असतो. तिथे मॉडेल नाही, नोंदवही बघतात. तुमचा गट त्यात बसतो. जिल्ह्याच्या समन्वयकांकडे चौकशी करा.

आता भाकरी. मुलांना एवढंच विचारा: "सगळ्या भाकऱ्या एकाच दिवशी, एकाच हाताने, एकाच तव्यावर करायच्या तर पिठं वेगवेगळ्या वयाची कशी मिळतील?" आणि गप्प बसा. दोन दिवस लागले तरी चालतील. माझा अनुभव आहे, कुणीतरी म्हणतंच की दळणच मागे-पुढे करायचं. एकाच पोत्यातली ज्वारी, दर आठवड्याला थोडी दळायची, डब्यावर तारीख. पाचव्या आठवड्याला पाचही पिठं समोर.

आणखी एक. आजीला कोणतं पीठ कोणतं ते सांगायचं नाही. तिच्या हाताला जुनं पीठ कळेलच, पण तोंडाने आधी सांगितलं तर ती नकळत जुन्या पिठाला जास्त जपून थापेल. मोजायचं काय, तेही आधी ठरवा. "चांगली झाली" हे मोजमाप नव्हे. कडेच्या चिरा मोजता येतात. तव्यावर टाकताना तुटली का, फुगली का, याची हो-नाही नोंद होते.

नर्मदाकाठची

मी मध्य प्रदेशातल्या होशंगाबादची (आताचं नर्मदापुरम). घरात मराठी, शाळा हिंदी. आमच्याकडे १९७२ मध्ये सहावी ते आठवीच्या १६ शाळांपासून विज्ञान शिकवण्याचा एक वेगळाच कार्यक्रम सुरू झाला होता. मुलांनी हाताने प्रयोग करायचे, परिसरात फिरायचं आणि निष्कर्ष वर्गात भांडून ठरवायचे. पुढे तो जिल्हाभर पसरला. २००२ साली तो बंद झाला, याचं मला आजही वाईट वाटतं.

त्यात सवालीराम नावाचं एक पात्र होतं. खरा माणूस नाही, पण मुलं त्याला पत्र लिहायची आणि त्याचं उत्तर यायचं. मी विचारलं होतं, वारा नसतानाही पिंपळाचं पान का हलतं? उत्तरात आधी मलाच काम सांगितलं होतं: पिंपळाच्या पानाचा देठ मोज, वडाच्या पानाचाही मोज, मग लिही. माझ्या नावाने घरी आलेलं ते पहिलं टपाल. देठ मोजून मी परत लिहिलं. पिंपळाचा देठ लांब आणि लवचीक, वडाचा जाड आणि ताठ, हे मला कुणी सांगितलेलं नाही, मी पाहिलेलं आहे.

सर, तुमच्या डब्यातून परत काही मिळतं का? चिठ्ठी टाकणाऱ्याला त्याच्या नावाने दोन ओळी लिहून द्या. उत्तर नको, पुढचं पाऊल द्या. मुंग्यांवाल्या मुलालाही लिहा, उशीर झाला असला तरी.

पेशी_आणि_पोहे

मी पुण्यात जीवशास्त्रात संशोधन करते. मांडायचं कुठे, याबद्दल एक उदाहरण. इंग्लंडमध्ये डेव्हन परगण्यात ब्लॅकॉटन नावाचं गाव आहे. तिथल्या प्राथमिक शाळेतल्या ८ ते १० वर्षांच्या २५ मुलांनी भुंगेमाश्यांवर (बंबलबी) प्रयोग केला. रंगीत ठिपक्यांपैकी काहींत साखरेचं पाणी, काहींत मिठाचं. कुठे जायचं हे माश्या रंगावरून ठरवतात की मांडणीवरून, असा प्रश्न. माश्या दोन्हींचा उपयोग करतात, असं निघालं. २०१० मध्ये तो निबंध 'बायॉलॉजी लेटर्स' या रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात छापून आला. भाषा मुलांचीच, गोष्टीसारखी सुरुवात, आकृत्या रंगीत पेन्सिलींनी काढलेल्या. शेवटी संदर्भांची यादी नाही, कारण मुलांनी आधीचं काही वाचलंच नव्हतं. त्याऐवजी दोन तज्ज्ञांनी शेजारी टिपण लिहून या कामाचं स्थान सांगितलं.

माझं म्हणणं एवढंच, की तुमच्या मुलांचं लिखाण सुधारायला जाऊ नका. "विरी" हा शब्द तसाच राहू द्या. तो निरीक्षणातून आलेला नेमका शब्द आहे. त्याच्या जागी पुस्तकी शब्द घातलात तर आजी त्या चर्चेतून बाहेर जाईल, आणि इथली खरी जाणकार तर तीच आहे.

माणदेशी_शिक्षक

सहा आठवड्यांनी लिहितोय.

बाई, तुम्ही सांगितलं तसा प्रश्न विचारून गप्प बसलो. दुसऱ्या दिवशी मधल्या सुट्टीत "दळणच पुढंमागं करूया की!" असं ओरडत आला तो मुंग्यांवाला मुलगा. गटात तो नव्हताच. त्याला मी आदल्या आठवड्यात दोन ओळींची चिठ्ठी दिली होती: ढगाळ दिवशी मुंग्यांची वेळ बदलते का? मुंग्यांचं अजून केलं नाही, पण डब्यांच्या तळाला नंबर चिकटवून ते कुणालाही न सांगण्याचं काम त्याने स्वतःकडे घेतलं. मलाही सांगितलं नाही.

पाच डबे: १, ८, १५, २२ आणि २९ दिवसांचं पीठ. प्रत्येकी १०० ग्रॅम, किराणा दुकानातल्या काट्यावर मोजलेलं. पाणी एकाच पातेल्यातलं, गरम. आजीने एकेक गोळा मळला, परातीत थापला. मुलगी शेजारी उकिडवी बसून कडेच्या चिरांवर बोट ठेवत मोजत होती. चौथ्या गोळ्याला आजी म्हणाली, "ह्यो हाताला धरंना." तो २९ दिवसांचा निघाला, तव्यावर टाकताना त्याचे दोन तुकडे झाले. पण १ आणि ८ दिवसांच्या पिठांत आजीची गल्लत झाली. जुनं तिला ताजं वाटलं. ती हसली नाही, परत एकदा दोन्ही पिठं चिमटीत घेऊन बघितली. मग मुलांनी ठरवलं की एकदा करून भागत नाही, आणखी दोन वेळा करायचं. ते चालू आहे.

मग पहिल्या शनिवारचा तक्ता कार्डशीटवर लिहून मुलांनी गिरणीत लावला. दळणाला बायका थांबतात तिथेच, पिठाने पांढऱ्या झालेल्या भिंतीवर. शीर्षक मुलीचंच: "विरी किती दिसांनी जाती?" एका काकूंनी तो वाचून तिला विचारलं, "आन बाजरीचं? ते तर आठ दिवसात कडू पडतंय." मुलीने वहीत लिहून घेतलं.

विरी म्हणजे पिठातून काय जातं, हे अजून आमच्यापैकी कुणाला माहीत नाही. बालविज्ञान परिषदेच्या समन्वयकांना फोन केला आहे. बाजरीचं पहिलं दळण या शनिवारी. पेशी_आणि_पोहे ताई, पिठात काय बदलतं हे शाळेतल्या साध्या सामानाने बघायची काही रीत असेल तर सांगा. उत्तर नको, रीत सांगा.