विषय: बाराखडी संचाचे ४१ घरांचे पैसे, पाठवायचे कसे?

मीनल (खजिनदार), गुरुवार रात्री ९.४०

नमस्कार मंडळी,

शनिवारी मराठी शाळा सुटल्यावर ताईंचे पैसे द्यायचं जे ठरलं त्याचं पुढे काय झालं, असं तिघांनी विचारलं, म्हणून सगळ्यांनाच लिहिते. मुलांना अक्षरं आणि उच्चार शिकवणारा मिरजेच्या ताईंचा बाराखडी संच (पीडीएफ पानं आणि ध्वनिफिती) स्वातीने एकच विकत घेतला होता आणि तो शाळेच्या ग्रुपवरून ४२ घरी गेला. एका घराचे ३०० रुपये. स्वातीचं घर सोडून ४१ घरांचे १२,३०० रुपये आपण ताईंना देणं लागतो. डॉलरमध्ये दीडशेच्या आत. पैसे आहेत, अडचण पाठवण्याची आहे.

ताईंकडे फक्त क्यूआर कोड आहे. मंडळाचं खातं इथलं, अमेरिकेतलं, त्यावरून यूपीआय होत नाही. झेल (इथली बँकेतून बँकेत पैसे पाठवायची सोय) अमेरिकेबाहेर जात नाही. वायरला, म्हणजे बँकेतून थेट परदेशी बँकेत पाठवायला, बँकेने ४५ डॉलर सांगितले, म्हणजे जवळजवळ एक तृतीयांश रक्कम वाटेतच जाणार. मी माझ्या भारतातल्या खात्यातून भरून मंडळाकडून परत घेऊ शकते, पण पावती मंडळाच्या नावाची हवी. केटरिंगच्या वेळी काय झालं ते आठवतंय ना.

रविवारपर्यंत कुणीतरी मार्ग सुचवा. सोमवारी पुढचा संच, जोडाक्षरांचा, घ्यायचा आहे आणि हे मिटल्याशिवाय मी तो घेणार नाही.

मीनल

शिरीष, शुक्रवार सकाळी ७.१०

मीनल,

तुझ्या चोख हिशेबाबद्दल मला आदरच आहे, पण मुळात हे देणं आहे का, याचा विचार कुणी केलेला दिसत नाही. संच आपण विकत घेतला, चोरला नाही. मी ठाण्यात वाढलो. मराठी ग्रंथसंग्रहालय १८९३ पासून एकेक पुस्तक शेकडो हातांत देतंय. आमच्या वाड्यात दिवाळी अंक एक यायचा आणि सात बिऱ्हाडं वाचायची, शेवटच्या बिऱ्हाडाकडे पोचेपर्यंत मुखपृष्ठ गेलेलं असायचं. त्यातूनच आम्हाला वाचायची गोडी लागली. एकाने घ्यायचं आणि दहांनी वाचायचं ही आपली जुनी रीत आहे.

दुसरं असं की शाळेतल्या बारा शिक्षकांपैकी एकही जण पैसे घेत नाही. स्वाती दर शनिवारी चाळीस मैल गाडी चालवून येते. आपण सगळे मराठीसाठीच करतोय. ताईंचं काम परदेशातल्या मुलांपर्यंत पोचलं, याचा त्यांनाही आनंदच झाला असेल.

शिरीष

स्वाती (शाळा), शुक्रवार दुपारी १२.२५

शिरीषकाका, त्यांना आनंद झाला नाही. कसं कळलं ते सांगते, कारण ग्रुपवर अर्धवटच आलंय.

आपल्याच एका आईने त्यांना कौतुकाने लिहिलं की मुलाला संच फार आवडला, पुढचा कधी येणार? ताईंनी यादी पाहिली तर त्या नावाने मागणीच नव्हती. त्यांनी पानाचा फोटो मागवला. प्रत्येक पानाच्या तळाला बारीक अक्षरात घेणाऱ्याचं नाव आणि ईमेल छापलेलं असतं. तिथे माझं होतं. मी प्रिंट काढताना ती ओळ पाहिली होती आणि तिच्याकडे दुर्लक्ष केलं होतं. चूक माझी आहे आणि मला त्याचं फार वाईट वाटलंय.

ताई रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या की या महिन्यात अकरा संच गेले. अकरा! आणि आपल्या एका शाळेत बेचाळीस घरी तोच संच वापरात आहे.

त्यात काय आहे ते ज्यांच्या घरी लहान मूल नाही त्यांच्यासाठी सांगते. 'ळ'चं पान घ्या. ळ काढायला कुठून सुरुवात करायची, पहिला गोल कुठे वळवायचा, हात कुठे उचलायचा, हे बाणांनी आणि आकड्यांनी दाखवलंय. सोबतच्या ध्वनिफितीत ताई 'बाल' आणि 'बाळ' असे जोडीने म्हणतात, मग थांबतात, मुलाने म्हणेपर्यंत. तेवढी शांतता त्यांनी मुद्दाम ठेवली आहे. माझा मुलगा साडेसहा वर्षांचा होईपर्यंत 'केलं' खायचा. तीन आठवडे रोज झोपताना ही फीत ऐकल्यावर एका सकाळी त्याने 'केळं' मागितलं. हे मला आई असून, शिक्षिका असून जमलं नव्हतं.

आम्ही पैसे घेत नाही, कारण आमची पोटं नोकरीवर भरतात. त्यांची नोकरी हीच आहे.

स्वाती

निखिल, शुक्रवार दुपारी १.०५

मीनलताईंच्या मूळ प्रश्नावर.

१) यूपीआय: यूपीआय चालवणाऱ्या एनपीसीआयने जानेवारी २०२३ मध्ये दहा देशांतले मोबाइल नंबर चालतील असं जाहीर केलं, अमेरिका त्यात आहे. पण खातं एनआरई किंवा एनआरओ (परदेशस्थ भारतीयांचं भारतातलं खातं) हवं आणि तुमच्या बँकेने ती सोय दिलेली हवी. व्यक्तीला जमेल, मंडळाला नाही.

२) पेपॅल: भारतातल्या भारतात पैसे पाठवणं १ एप्रिल २०२१ पासून बंद आहे, म्हणून अनेकांना वाटतं की पेपॅलच बंद झालं. परदेशातून भारतात अजून चालतं. ताईंना पॅन आणि बँक खातं जोडावं लागेल आणि पैसे कशाचे ते सांगणारा परपज कोड निवडावा लागेल. चार-साडेचार टक्के आणि वर थोडं कापलं जाईल. ते आपण वरून भरावं.

३) पेट्रिऑन (कलाकाराला वर्गणी द्यायची साइट): दर महिन्याला देणार असू तरच. ऑगस्ट २०२५ नंतर तिथे आलेल्या कलाकारांकडून ते दहा टक्के घेतात. आणि आयफोनच्या ॲपमधून वर्गणी भरू नका, तिथे ॲपलचे तीस टक्के वेगळे. ब्राउझरमधून भरा.

माझं मत: पेपॅल. बिल मंडळाच्या नावाने मागता येतं, म्हणजे पावतीचाही प्रश्न सुटला.

निखिल

अश्विनी, शुक्रवार संध्याकाळी ६.५०

स्वाती, तुझी मेल वाचून मलाही वाईट वाटलं. पण एक बाजू कुणी मांडत नाहीये.

मी एच-फोर व्हिसावर (जोडीदाराच्या नोकरीमुळे मिळणारा) आहे, दोन वर्षं कमाई नाही. घरी एकच पगार. मालिकांच्या दोन, गाण्यांची एक, मुलाच्या गणिताची एक, अशा वर्गण्या आधीच चालू आहेत. आता बातमीपत्र लिहिणारा म्हणतो महिन्याला पाच डॉलर द्या, पॉडकास्टवाला म्हणतो तीन द्या, रेसिपीवाल्या ताई म्हणतात सभासद व्हा. प्रत्येकाची रक्कम चहाएवढीच असते, पण असे किती चहा? यूट्यूबवर आम्ही जाहिराती बघतोच ना, त्यातून त्यांना मिळतात की. मला नाही वाटत की जो देऊ शकत नाही त्याने अपराधी वाटून घ्यावं.

अश्विनी

निखिल, शुक्रवार संध्याकाळी ७.३०

अश्विनी, जाहिरातींचं सांगतो, कारण हा गैरसमज मलाही होता.

यूट्यूब लांब व्हिडिओच्या जाहिरातीतले ५५ टक्के देतं हे खरं. पण त्यासाठी आधी १,००० सबस्क्रायबर आणि वर्षभरात ४,००० तास पाहिले जाणं लागतं (किंवा छोट्या व्हिडिओंचे फार मोठे आकडे). त्यात ताईंचं काम मुलांसाठीचं. सप्टेंबर २०१९ मध्ये मुलांची माहिती गोळा केल्याबद्दल अमेरिकेत गूगल-यूट्यूबला १७ कोटी डॉलर भरावे लागले आणि जानेवारी २०२० पासून 'मुलांसाठी' अशी खूण असलेल्या व्हिडिओंवर बघणाऱ्याची आवडनिवड ओळखून दाखवलेल्या जाहिराती बंद झाल्या. चांगले पैसे त्याच जाहिरातींना मिळतात. शिवाय अशा व्हिडिओंवर प्रतिक्रिया बंद, सभासदत्व बंद, सुपरचॅट (थेट प्रक्षेपणात पैसे देऊन लिहायचा निरोप) बंद. मुलांच्या हिताचा निर्णय होता, योग्यच होता. पण मुलांसाठी मराठीत काही करणाऱ्याला जाहिरातीवर जगता येत नाही. त्याला विकावंच लागतं.

प्रसाद (सांस्कृतिक), शुक्रवार रात्री १०.१५

एक आधी स्पष्ट करतो. हे पैसे सांस्कृतिक निधीतून जाणार नाहीत ना? दिवाळीचं सभागृह आणि ध्वनियंत्रणा धरून माझ्याकडे फार थोडं उरलंय. शाळेचा खर्च शाळेच्या खात्यातून व्हावा.

बाकी माझा पाठिंबा आहे. आपण भारतातून नाटक आणतो तेव्हा विमान, व्हिसा, हॉटेल, मानधन, सगळं देतो आणि कुणी म्हणत नाही की कलाकारांना आनंदच होईल. तोच कलाकार घरी बसून काही करून नेटवर ठेवतो तेव्हा आपण 'लिंक पाठव' म्हणतो.

हे मला लागतं, कारण मी त्यातून गेलोय. माझ्या अभंगांच्या चालींचा संच मी बँडकँप या गाणी विकायच्या साइटवर ठेवला होता. १५ टक्के त्यांचे, थोडे पैसे वळते करण्याचे, उरलेले माझे. करोनाच्या मार्च २०२० पासून त्यांनी ठरावीक शुक्रवारी आपला वाटा सोडायला सुरुवात केली, तेव्हा मी ओळखीच्या सगळ्यांना कळवलं की आज घेतलंत तर जवळजवळ पूर्ण पैसे येतील. नऊ जणांनी घेतलं. तेवीस जणांनी फाइल मागितली, त्यातले काही माझ्या घरी जेवलेले होते. त्या नऊ जणांची नावं मला आजही पाठ आहेत. तबलजीचे पैसे त्यांच्यामुळे फिटले.

प्रसाद

शिरीष, शनिवार सकाळी ६.५५

प्रसाद, मी त्या तेवीस जणांत होतो. मला तेव्हा हे सुचलं नाही. तुला चेक पाठवतोय.

ग्रंथालयाबद्दल मात्र मी ठाम आहे. वाचायला परवडत नाही म्हणून कुणी अडू नये.

सुलभा, शनिवार सकाळी ९.२०

शिरीषभाऊ, तुम्ही ग्रंथालयाचं काढलंत म्हणून लिहिते. तुमच्या वडिलांनी वर्गणी भरली असेल, आणि पुस्तक तुमच्याकडे असताना ते दुसऱ्या कुणाकडे नव्हतं. एकाच पुस्तकाची रातोरात बेचाळीस पुस्तकं झाली नाहीत. आमच्या वाईत मी वाचनालयात नंबर लावून पंधरा-पंधरा दिवस थांबलेली आहे.

पण ३०० गुणिले ४१ हा हिशेबही मला बरोबर वाटत नाही. कृष्णाबाईच्या उत्सवात कीर्तन व्हायचं. बुवांची बिदागी उत्सवाची मंडळी आधी ठरवायची, ती ठरलेलीच. पण आरतीचं तबक फिरायचं तेव्हा ज्याला जमेल तो तेवढं टाकायचा. माझे वडील शाळामास्तर, ते चार आणे टाकायचे आणि माझ्या हातात दहा पैसे द्यायचे, मुलीनेही टाकावं म्हणून. तबक समोर आलं आणि हात रिकामा, असं त्यांनी कधी होऊ दिलं नाही. ज्याच्याकडे नसेल त्याने नुसतं तबकाला हात लावून नमस्कार केला तरी चालायचं, कीर्तनातून कुणी उठवत नसे.

अश्विनीने अजिबात वाईट वाटून घेऊ नये. मंडळाने बिदागी भरावी आणि शिवाय शाळेत एक तबक ठेवावं. जी देणगी जमेल ती ताईंना पाठवू.

सुलभा

मीनल (खजिनदार), शनिवार दुपारी ३.४०

सुलभामावशी, कल्पना आवडली, पण 'देणगी' हा शब्द नको. मी इथल्या आणि पुण्याच्या, दोन्ही सीएंशी बोलले.

परदेशातून भारतात देणगी गेली की २०१० चा परदेशी देणग्यांचा कायदा, एफसीआरए, आड येऊ शकतो. वस्तू किंवा सेवा नेहमीच्या व्यवहारात विकून आलेली किंमत त्या कायद्यात देणगी धरली जात नाही. म्हणून पैसे पाठवताना टिपणात कुणीही 'डोनेशन' किंवा 'मदत' लिहू नका. 'बाराखडी संच, शाळेसाठी, ४१ प्रती' एवढंच लिहायचं.

आणि कायदा बाजूला ठेवला तरी मला तोच शब्द बरोबर वाटतो. आपण ताईंना मदत करत नाही आहोत. आपण माल घेतला आणि त्याचे पैसे राहिले होते. वाण्याकडची उधारी फेडताना आपण देणगी दिली असं म्हणतो का? निखिल, तू लिहिलेलं वाचतानाही मला हेच वाटत होतं. कोपऱ्यात 'आवडलं तर चहा पाजा' असं लिहायची वेळ नेटवर काम ठेवणाऱ्या लोकांवर येते, कारण किंमत मागितली की आपण नाक मुरडतो.

आज ताईंशी फोनवर बोलले. पेपॅल त्या उघडताहेत, त्यांच्या भाच्याने बसून केलं, बिल मंगळवारपर्यंत येईल. ४१ घरांचे पूर्ण पैसे घ्यायला त्या तयार नव्हत्या, शाळेला निम्मा दर लावते म्हणाल्या. मी म्हटलं, या संचाचे पूर्ण घ्या, पुढच्यापासून शाळेचा दर लावा. जोडाक्षरांचा संच शाळेच्या नावाने निघेल, तळाशी मंडळाचं नाव असेल, ज्यांना परवडत नाही ती घरंही त्यातच धरलेली आहेत आणि कुणाची नावं विचारणार नाही. प्रसाद, शाळेच्या खात्यातून देतेय.

मी विचारलं, आवाज इतका स्वच्छ कसा येतो? तर म्हणाल्या, घर रस्त्यावर आहे, म्हणून रात्री दोननंतर गोधड्या टांगलेल्या कपाटात बसून बोलते. 'ळ'ची फीत सोळाव्या वेळी मनासारखी झाली.

मीनल

शिरीष, शनिवार दुपारी ४.१५

मीनल, पूर्ण पैसे द्यावेत याला माझी संमती आहे. दोन घरांचे माझ्याकडून धर.

स्वाती (शाळा), शनिवार संध्याकाळी ५.००

सर्व पालकांना विनंती: जुनी पीडीएफ कुणी आपल्या इतर ग्रुपवर किंवा इतर गावच्या शाळांना पाठवली असेल तर मला फक्त कळवा, मी त्यांच्याशी बोलेन. दोन शाळांचं आत्ताच कळलंय. एकीने आपणहून विचारलं की पैसे कसे पाठवायचे, त्यांना निखिलची मेल दिली आहे.

सुलभा, शनिवार संध्याकाळी ६.३०

मीनल, मला माझ्या नातीसाठी एक संच वेगळा हवाय, ती सिएटलला असते. त्याचे ३०० तुझ्याकडे देऊ की ताईंकडून स्वतंत्र मागवू? नाव तिचंच छापलेलं हवं.