बँडसोबत गायिका आहेत, पट्टी जमेना. काय करावं?

विश्रामबागचा क्लॅरिनेट:
रामराम मंडळी. सांगलीत आमचा 19 जणांचा हौशी बँड आहे. चार ट्रम्पेट, पाच क्लॅरिनेट, दोन ऑल्टो सॅक्सोफोन, दोन ट्रॉम्बोन, एक युफोनियम, बाकी बासरीवाले आणि ड्रमवाले. कुणी मास्तर, कुणी हळदीच्या पेढीवर, मी एसटीतून निवृत्त. वडील वरातीच्या बँडात होते, त्यांचंच क्लॅरिनेट मी वाजवतो.

यंदा शाळेच्या मैदानावरच्या कार्यक्रमाला पहिल्यांदाच पाहुण्या गायिका बोलावल्यात. ताई मिरजेच्या, शास्त्रीय शिकलेल्या. दोन अभंग, एक नाट्यगीत, एक भावगीत गाणार. परवा पहिली तालीम झाली. ताई म्हणाल्या, "माझी पांढरी सहा." आम्ही माना डोलावल्या आणि सुरू केलं. दुसऱ्याच ओळीला सॅक्सवाला पोरगा वाद्य तोंडातून काढून माझ्याकडे बघत बसला. त्यात ट्रम्पेटपुढे ताईंचा आवाज कुठं ऐकूच येईना. त्या काही बोलल्या नाहीत, पण चहालाही थांबल्या नाहीत. ते मनाला लागलंय. पाहुण्यांना पट्टी बदला म्हणणं बरं दिसतं का?

तासगावचा ट्रॉम्बोन:
काका, पोरगा थांबला त्यात त्याची चूक नाही. पांढरी सहा म्हणजे पेटीची सहावी पांढरी पट्टी, इंग्रजी 'ए'. तुमची क्लॅरिनेट, ट्रम्पेट 'बी फ्लॅट'ची, त्यांवर 'सी' वाजवला की 'बी फ्लॅट' ऐकू येतो, म्हणजे त्यांना 'बी' स्केलमध्ये वाजवावं लागतं, पाच शार्प (अर्धा स्वर चढवलेले सूर). ऑल्टो 'ई फ्लॅट'चा, त्याच्या वाट्याला सहा. हौशी माणसाची बोटं तिथं अडखळणारच.

आता अर्धा स्वर खाली या, काळी चार. क्लॅरिनेटला दोन फ्लॅट (अर्धा स्वर उतरवलेले सूर), ऑल्टोला एकच. किंवा अर्धा स्वर वर, काळी पाच: क्लॅरिनेटला काहीच नाही, ऑल्टोला एक शार्प. अर्ध्या स्वरानं ताईंचं फार बिघडत नाही, तुमचं मात्र सगळं सुटतं. ताईंना 'पट्टी बदला' म्हणू नका, दोन्हींत एकेक ओळ गाऊन बघता का म्हणा.

मिरजेची पेटीवाली:
वर जाण्यापेक्षा खालीच बरं, नाट्यगीताला तार सप्तकात जागा लागते. आणि पेटी घेणार असाल तर आधी पेटीचा सूर तपासा. तिचा सूर स्टेजवर हलवता येत नाही, तुमची वाद्यं तेवढी जुळवून घेतात. पण तीही जोड बाहेर ओढून खालीच आणता येतात, आणि मुळात आखूड बसवलेलं वाद्य आणखी चढवायला जागा उरत नाही. म्हणून पेटी वर लागलेली असेल तर आधीच दुसरी शोधा. शिवाय वाजवून वाद्यं तापली की सूर चढतो. गार वाद्यावर जुळवाजुळव करून बसू नका, दहा-पंधरा मिनिटं वाजवा, मग लावा. तंबोरा यंत्रावरचा असेल तर उलट करा, तापलेल्या बँडला तो लावा.

आलापाला बँडनं गप्प बसावं. अगदीच वाटलं तर खालच्या सप्तकात एक क्लॅरिनेट 'सा' धरून, बस. समेवर यायची खूण ताईंच्या हातावरून घ्या, मास्तरांच्या काठीवरून नको.

माइकवाला भाऊ:
ताईंच्या समोर जमिनीवर एक स्पीकर त्यांच्यासाठी ठेवा, माइकची पाठ त्या स्पीकरकडे. ट्रम्पेट माइकच्या रेषेत बसवू नका, कडेला घ्या आणि तोंड नोटेशनच्या स्टँडकडे झुकवा. गाणं चालू असताना चारपैकी दोनच वाजवा, बाकीच्यांनी ओळ संपली की भर घालायची. आणि रात्री 10 नंतर लाउडस्पीकर बंद, नियम आहे. ताईंना शेवटी ठेवू नका.

कॉलेजचा ढोल:
आमच्याकडं पट्टीचा प्रॉब्लेमच नसतो. 😄

विश्रामबागचा क्लॅरिनेट:
काल दुसरी तालीम झाली. दोन्ही पट्ट्यांत ओळ गाऊन बघितल्यावर ताई स्वतःच म्हणाल्या, "काळी चार घ्या, मी तशीही सकाळी तिथंच गाते." माझं अर्धं आयुष्य वाचलं. सॅक्सवाला पोरगा पहिल्यांदा वर न बघता शेवटपर्यंत वाजवत होता. ट्रम्पेटवाल्यांना दोघंच वाजवा म्हटलं, तर कोण दोघं यावरून अर्धा तास भांडण. शेवटी पाळी ठरली, अभंगाला एक जोडी, नाट्यगीताला दुसरी.

आलापाला 'सा' मी धरला. एवढा लांब श्वास पुरेना, तर शेजारच्यानं मी सोडायच्या आधीच उचलला. वडील असंच करायचे, वरातीत मुंगीच्या चालीनं पुढं सरकताना, त्याला ते 'खांदा बदलणं' म्हणत.

ताई चहाला थांबल्या. बिनसाखरेचा मागितला, आमच्याकडं सगळा साखरेचाच होता.