कॉम्प्रेसरची सूं सूं

सोलरला पैसे नाहीत म्हणजे छोट्या कंपनीला कार्बन कमी करणं जमणार नाही, असं काही जण म्हणतात, ते नाही पटत बुवा. भोसरीत आमचं पंधरा जणांचं मशीन शॉप, कॉम्प्रेसरची दाबाची हवा मशीनपर्यंत नेणाऱ्या पाइपचे, म्हणजे एअर लाइनचे, लीकेज दिवसभर सूं सूं वाजायचे, ऐकू सगळ्यांना यायचं पण बोलणार कोण, बोललं की "मग तूच कर" ठरलेलं! एका गुरुवारी सुट्टीला मशीनं बंद ठेवून नुसता कॉम्प्रेसर लावला आणि मालक स्वतः साबणाचं पाणी घेऊन पाइपवर फिरले (फुगे आले की तिथे लीकेज), तेव्हापासून पोरं आपणहून लीकेजला खडूने खूण करतात, हवेचं प्रेशर पण ७ बारवरून ६ वर आणलं, त्यात कॉम्प्रेसरची साधारण ६-७ टक्के वीज वाचते. ग्रिडमधून येणाऱ्या विजेच्या एका युनिटमागे ०.७ किलोच्या आसपास कार्बन डायऑक्साइड धरा, म्हणजे युनिट वाचलं की तेवढा कार्बन कमी. जेवणाच्या सुट्टीत मात्र कॉम्प्रेसर अजून चालूच असतो, त्यावरून रोज वाद 😄