खारा बांगडा, गट १ आणि "३७ पट" : मेसेज पुढे पाठवण्याआधी

वलांडी :
सध्या रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ग्रुपांवर एक मेसेज फिरतोय. "खारी मासळी तंबाखूइतकीच घातक. गट १ मध्ये नोंद. कॅन्सरचा धोका ३७ पट. कोकणवासीयांनो, सुकी मासळी आजच बंद करा." आकडे खरे आहेत, निष्कर्ष चुकीचा आहे, आणि अशा मेसेजनी हर्णैपासून वेंगुर्ल्यापर्यंत सुकी मासळी विकणाऱ्या बायकांच्या पोटावर पाय येतो. म्हणून सविस्तर लिहितोय.

गट आधी घ्या. आयएआरसी (जागतिक आरोग्य संघटनेची कॅन्सर संशोधन संस्था) गट पाडते ते पुरावा किती पक्का आहे यावरून. गट १ म्हणजे कॅन्सर होतो याला पुरेसा पुरावा. धोका केवढा, ते गटावरून कळत नाही. प्रक्रिया केलेलं मांसही गट १ मध्येच आहे, आणि २०१५ साली त्याचा आकडा आला तो रोजच्या ५० ग्रॅममागे आतड्याच्या कॅन्सरमध्ये १८ टक्के वाढ. सिगरेट आणि फुप्फुसाचा कॅन्सर यांचं नातं त्याच्या कित्येक पट घट्ट. तरी गट एकच.

३७ हा आकडा हाँगकाँगच्या १९८६ च्या केस-कंट्रोल अभ्यासातला आहे, म्हणजे रुग्ण (केस) आणि तो आजार नसलेली माणसं (कंट्रोल) यांच्या पूर्वीच्या सवयींची तुलना. पस्तिशीच्या आतले २५० रुग्ण. वयाच्या दहाव्या वर्षी आठवड्यातून एकदा तरी खारी मासळी खाणारे आणि क्वचित खाणारे यांची तुलना : धोका ३७.७ पट, कॉन्फिडन्स इंटरव्हल (खरा आकडा ज्या पट्ट्यात असण्याची शक्यता आहे तो) १४.१ ते १००.४. पट्टा एवढा रुंद होतो तो एखाद्या रकान्यात माणसं फार थोडी असली की. आणि कॅन्सर कुठला? नाकामागच्या घशाचा. दक्षिण चीनमध्ये तो बराच आढळतो. भारतात नागालँडसारखा ईशान्येचा भाग सोडला तर वर्षाला लाखात एकाहून कमी. पट सांगायची तर मूळ आकडा आधी सांगा.

आता मासळी. आयएआरसीच्या १९९३ च्या ५६व्या खंडात "चिनी पद्धतीची खारी मासळी" गट १ मध्ये आहे, आणि त्याच ठिकाणी "इतर खारी मासळी" गट ३ मध्ये. बोंबील वलांडीवर (मासळी टांगून सुकवायच्या मांडवावर) वाळतो, जवळा उन्हात पसरतात. दोघांना बहुधा मीठही लावत नाहीत. तो अभ्यास यांच्याबद्दल नाहीच.

मिरकरवाडा :
वलांडीभाऊ, बोंबील-जवळ्याचं मान्य. पण खाऱ्या बांगड्याला तुम्ही फार लवकर सोडलंत. गट ३ म्हणजे निर्दोष नव्हे, ठरवण्याइतका पुरावा नाही एवढंच. चिनी पद्धतीत मासा मिठात घालण्याआधी काही वेळ तसाच ठेवून मऊ पडू देतात, आणि त्या मासळीत नायट्रोसामाइन (कॅन्सर घडवू शकणारी रसायनं) सापडतात. आपल्याकडे रीत काय आणि होतं काय? रीत अशी : बांगडा ताजा असतानाच फाडायचा, आतडी-कल्ले काढून धुवायचा, तीन-चार किलो मासळीला एक किलो मीठ, थर लावून टाकीत, मग ऊन. पण खारवायला जातो कुठला बांगडा? दर पडला, बर्फ संपला, दुपारपर्यंत कोणी उचलला नाही, तो. मऊ पडलेलाच. म्हणजे "आमची पद्धत वेगळी" हे कागदावर. बंदरावर ती वेगळी आहे का, हे कोणी मोजलंय?

वलांडी :
मोजलेलं नाही. मग मेसेजवाल्यानेही ठामपणे बोलू नये.

तक्ता_दोन :
दोघंही अभ्यासाच्या आत शिरलेला नाहीत. केस-कंट्रोल वाचताना मी आधी कंट्रोल कुठून आणले ते बघते. समजा ते रुग्णालयातून घेतले आणि निम्मे बीपी-हृदयाच्या वॉर्डातले निघाले. त्यांना डॉक्टरांनी खारट बंद करायला सांगितलेलं असतं. कंट्रोल खारी मासळी कमी खाताना दिसतात आणि ऑड्स रेशो, म्हणजे तो पटीचा आकडा, फुगतो. मित्र किंवा शेजारी घेतले तर उलटं : ते एकाच बाजारातून घेतात, एकसारखं जेवतात, आकडा एककडे सरकतो. फुगवणारी आणि दाबणारी, दोन्ही चुका शोधायच्या. आपल्याला सोयीची तेवढीच नाही.

मग आठवण. दूध सोडवताना मुलाला काय भरवलं, हे तिशीच्या रुग्णाच्या आईला विचारलं. ती कारण शोधत असते, म्हणून जास्त आठवते. याला तपासणी आहे : आठवणीचा दोष असेल तर त्याच प्रश्नावलीतल्या इतर पदार्थांचे आकडेही फुगायला हवेत. तो तक्ता न बघता "रिकॉल बायस" म्हणून अभ्यास फेकून देणं म्हणजे निव्वळ आळस. हाँगकाँगच्या अभ्यासात तर लहानपणी खाण्याशी नातं मोठेपणीच्या खाण्यापेक्षा घट्ट निघालं, आणि उंदरांना ही चिनी पद्धतीची मासळी खाऊ घातल्यावर नाकाच्या पोकळीत गाठी आल्या. सगळं मिळून पुरावा भक्कम आहे.

वलांडी :
मी अभ्यास फेकला नाही, ताई. तो इथे लागू कसा होतो एवढंच विचारलं.

मालवणी :
ह्या सगळा ठीक हा, पण खारो बांगडो खावचो की नाय ता सांगा.

तक्ता_दोन :
अधूनमधून खा. लहान मुलांना रोज नको, आणि बीपी असेल तर मिठासाठीच कमी करा. शिजवण्याआधी पाण्यात भिजवून ते पाणी फेका, मीठ बरंच उतरतं.

रोठा :
मासळीला एवढा वकील मिळाला. सुपारीला कोण? श्रीवर्धनच्या बागायतदाराला जो येतो तो "गट १" सुनावून जातो. अभ्यास कोणावर केले? तंबाखू घालून पान खाणाऱ्यांवर, गुटखा खाणाऱ्यांवर. दोष तंबाखूचा, नाव सुपारीचं. यालाच कन्फाउंडिंग म्हणतात ना?

तक्ता_दोन :
हाच आक्षेप तेव्हाही होता आणि तो मानला गेला होता. १९८५ साली आयएआरसीने फक्त तंबाखूसह पानाला कारक ठरवलं. तंबाखूशिवायच्या पानाचा पुरावा अपुरा धरला. मग तैवानचे अभ्यास आले. तिथे पानात तंबाखू घालतच नाहीत. सिगरेट ओढणारे आणि न ओढणारे वेगळे काढूनही तोंडाच्या कॅन्सरशी नातं टिकलं. २००४ च्या ८५व्या खंडात तंबाखूविना पान आणि खुद्द सुपारी, दोन्ही गट १ मध्ये गेली.

रोठा :
तैवानात कोवळी, हिरवी सुपारी खातात. आमची रोठा (श्रीवर्धनची सुपारी) पिकवून, उन्हात वाळवून, सोलून जाते. मासळीच्या वेळी "चिनी पद्धत वेगळी" हे चालतं, मग सुपारीच्या वेळी "तैवानी पद्धत वेगळी" का चालत नाही? तुमचा नियम माणूस बघून बदलतो का?

वलांडी :
मासळीत संशय प्रक्रियेवर आहे, म्हणून प्रक्रिया बदलली की प्रश्न बदलतो. सुपारीत ज्यावर संशय आहे ते अरेकोलीन हे रसायन फळातच असतं.

रोठा :
असतं, पण किती? वाळवल्यावर, उकळल्यावर तेवढंच राहतं? गालात किती वेळ धरली, दिवसाला किती खांडं, हे न मोजता सगळी सुपारी एका दावणीला बांधता. बाहेरून येणाऱ्या स्वस्त मालाने दर आधीच पाडलाय, त्यात हे.

मिरकरवाडा :
दर आणि रोग एकत्र कालवू नका, काका. सबम्युकस फायब्रोसिसमध्ये (तोंडाचं आतलं अस्तर कडक होण्याच्या आजारात) तोंड उघडत नाही, दोन बोटं आत जात नाहीत, आणि तो नुसती सुपारी खाणाऱ्यांतही होतो. तो तंबाखूवर ढकलता येत नाही.

रोठा :
आवाज चढवू नका. फायब्रोसिसचं मी नाकारलं नाही.

तक्ता_दोन :
रोठाकाकांचा एक मुद्दा मला मान्य करावा लागतोय. "खातो / खात नाही" एवढ्याच दोन रकान्यांत मोजलं तर जेवणानंतर एक खांड घेणारा आणि दिवसभर गाल भरून ठेवणारा एकाच रांगेत बसतो. मात्रेनुसार धोका चढतो का, हे वेगळं दाखवायलाच हवं, आणि चांगल्या अभ्यासांत ते दाखवलेलं असतं : दिवसाला किती, किती वर्षं. प्रकार वेगळे काढणंही रास्त. पण त्यामुळे सुपारी गट १ मधून बाहेर पडत नाही.

रोठा :
बाहेर काढा असं मी म्हटलंच नाही. ओली, वाळवलेली आणि उकडलेली वेगवेगळी मोजलेला तक्ता आणा. तोवर बागायतदाराला गुटख्याच्या रांगेत उभं करू नका.

मिरकरवाडा :
हे मान्य. मग हाच नियम खाऱ्या बांगड्यालाही लावा, वलांडीभाऊ : बर्फातला किती, मऊ पडलेला किती, वेगळं मोजून नायट्रोसामाइन तपासा. "इतर मासळी" म्हणून सगळा माल एका पोत्यात भरू नका.